एकट्यासाठी ॲम्प्लिफायर

बँकेत दिवसभर लोकांचं ऐकून घेणं हे माझं काम. घरी आल्यावर शेजारच्या गल्लीतल्या मागांचा खडखडाट, खाली रिक्षांचे हॉर्न आणि बाजूला बायकोची, म्हणजे नीलमची मालिका. सुरतेतल्या लिंबायतमध्ये राहायचं आणि शांतपणे गाणं ऐकायचं, ही मागणी तशी जास्तच होती. तरी मी धीर करून एक भारीतला बॅलन्स्ड हेडफोन मागवला.

तो आला. त्याच्या प्लगला चार पिना होत्या आणि आमच्या घरात चार पिनांचं भोक कुठेच नव्हतं. (मिक्सरच्या मागेही पाहिलं.)

"याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो," मी नीलमला म्हणालो.

"म्हणजे आधी लगाम आणलात. आता घोडा आणणार?" ती म्हणाली.

ॲम्प्लिफायर निवडायचा कसा? इंटरनेटवर जाणकारांची इतकी भांडणं वाचली, की माझंच डोकं तापलं. म्हणून मी एक छोटासा निर्णय घेतला. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं : 'उत्तम ॲम्प्लिफायर घ्यायचा आहे. खर्चाची पर्वा नाही. आवाज असा स्वच्छ हवा, की श्वाससुद्धा ऐकू आला पाहिजे.'

धडाधड हात जोडलेले, फुलं, टाळ्या. इतके रसिक लोक शेजारी राहतात हे मला माहीतच नव्हतं! संध्याकाळी रामदास घरी आला. हा मूळचा खानदेशचा, मागांच्या खात्यात म्हणजे कारखान्यात सुपरवायझर आणि आमच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष.

"भाऊ, खरंच ॲम्प्लिफायर ली राह्यनात?"

"हो तर. पण ताकदीचा हवा. कमी ताकदीवर हे चालत नाही."

"ते तर शेच!"

"आणि बॅलन्स्ड. डावीकडे उजवीकडे अगदी सारखं."

"बराबर! गये साल डाव्या आंगना भोंगा बंदच पडना व्हता."

(इथे मला शंका यायला हवी होती. पण मला वाटलं, रामदासकडेही हेडफोन असेल.)

"मना साडूनं दुकान शे. तुम्ही चिंता सोडा," तो म्हणाला. मी चिंता सोडली आणि साडूने पाठवलेल्या लिंकवर पैसेही.

गणपतीच्या आदल्या दिवशी खाली ढोल वाजला. पाहतो तर टेम्पोतून चौघे जण एक कपाटाएवढं धूड उतरवतायत, त्यावर झेंडूची माळ, आणि तळमजल्यावरच्या धुरपदाबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या. रामदासने मला हाताला धरून मांडवात नेलं, शाल घातली, नारळ दिला. आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेल्या वर्षी मंडळाचा ॲम्प्लिफायर जळाला होता आणि सगळे दात्याची वाट पाहत होते.

"खरं सांगून टाका," नीलम कुजबुजली.

सांगणार होतो हो! पण धुरपदाबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं मोडली. "देव तुले सुखी ठेवो, भाऊ." आता अशा माणसाला काय सांगायचं, की बाई, हा तुमच्यासाठी नाही, माझ्या दोन कानांसाठी आहे?

तेवढ्यात रामदासने माइक माझ्या हातात दिला. "दोन शब्द बोला, भाऊ." मी नीलमकडे वळलो आणि अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हणालो, "अगं, हा मी माझ्या एकट्याला ऐकायला घेतला होता!"

ॲम्प्लिफायर खरोखर उत्तम होता. वाक्य पुढच्या चौकापर्यंत गेलं, त्याआधी घेतलेल्या श्वासासकट.

सगळा मांडव माझ्याकडे वळला. मी शाल काढून परत द्यायच्या तयारीत होतो.

"एकलासाठे?" धुरपदाबाई म्हणाल्या. त्या धुडाकडे पाहिलं, मग माझ्या कानांकडे, आणि त्यांचे डोळे भरून आले. "आय हाय! इतला मोठा लागस? कान गयात वाटस बिचाराना!"

रामदासने मला मिठी मारली. स्वतःच्या कानांचं यंत्र गणपतीला देणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता.

तेव्हापासून लिंबायतमध्ये माझ्याशी कुणी हळू बोलत नाही. जिन्यात, रिक्षात, दुधाच्या दुकानात, सगळे कानाशी तोंड आणून प्रेमाने ओरडतात. बँकेतसुद्धा बातमी पोचली आहे. काल मी नीलमला काकुळतीने म्हणालो, "निदान तू तरी त्यांना खरं काय ते सांग."

"राहू द्या," ती म्हणाली. "सध्या नुसते बहिरे समजतात."