आधी शिपायाचा नंबर

रस्त्यावर चुकलेल्या गाडीवानाला शिपाई पकडतो; पण शिपाईच चुकला, तर त्याला कोणी पकडायचे? हा प्रश्न मी एकदा वर्गात घातला. उत्तर मुलांना आले नाही आणि मलाही येत नव्हते. म्हणून आमच्या चाळीतल्या सखाराम शिपायाकडे मी बारकाईने पाहू लागलो.

सखाराम मालवणकडचा. निळा डगला, पिवळी पगडी आणि घासून आरशासारखा केलेला पितळी बिल्ला. गिरगावच्या नाक्यावर, घोड्यांच्या ट्रामच्या रुळांशेजारी त्याची जागा. उलट्या बाजूने घुसलेली गाडी अडवली, की तो प्रथम बिल्ला पुढे करी.

"आधी माझो नंबर वाच. मगे तुझो गुन्हो सांगतंय. मी चुकलंय तर तक्रार कोणाची करशीत?"

गाडीवानांना वाचता येत नसे. मग सखाराम जाणाऱ्यायेणाऱ्यांतून एखादा शिकलेला मनुष्य थांबवी, आणि तो बहुधा मीच असे. "मास्तर, ह्येका माझो नंबर वाचून दाखवा." मी शाळेतल्यासारखा मोठ्याने अंक वाची, मागे ट्रामवाला घंटा बडवीत राही.

एकदा एक खटारेवाला ओरडला, "अहो हवालदार, नंबर पाठ झाला, आता सोडा!"

"हवालदार नाय, शिपाई. खोट्या हुद्द्यान तक्रार केलंस तर ती फुकट जातली."

तक्रार अर्थात कोणी करीत नसे. सखारामला त्याचे थोडे वाईटच वाटे.

एका दुपारी भिकूची घोडागाडी आली. घोडा पुढच्या पायाने लंगडत होता. लंगडे जनावर गाडीतून सोडवून जनावरांच्या दवाखान्यात धाडावे, असा नियम. भिकू हात जोडून म्हणाला, "शिपाईदादा, खुरात खडा असेल. पाय उचलून बघा तरी!"

"ता बघणा डॉक्टराचा काम. माझ्या कामात नाय."

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी पाय तपासेपर्यंत काही दिवस गेले, आणि खुरातून खडाच निघाला. घोडा तबेल्यात परतला. पण गाडी व घोडा तबेलेवाल्या शेटजींचे होते, आणि त्यांनी तोवर दुसरा गाडीवान ठेवला होता. भिकूची रोजी गेली.

हे कळताच सखारामने भिकूला चौकीवर नेले; अंक वाचायला मीही बरोबर होतो.

"साहेब, ह्येची माझ्यार तक्रार आसा."

भिकू दाराकडे सरकू लागला. "नाही हो साहेब, माझी कुणावर काही तक्रार नाही!"

साहेबांनी सारी हकीकत ऐकली आणि ते हसले. "तू नियमाप्रमाणेच वागलास. तुझी चूक नाही. जा."

बाहेर सखाराम पायरीवरच बसला. "मास्तर, माझी चूक नाय म्हणतत. मगे ह्येचो धंदो घालवलो कोणी?"



दुसऱ्या दिवशी पगडी काखेत घेऊन तो तबेल्याच्या दारात उभा राहिला. शेटजींना मोठी मौज वाटली. "काय शिपाईबुवा, आज आम्हांला पकडणार वाटतं?"

"खडो होतो, शेटजी. मी पाय उचलून बघूक नाय. राग माझ्यार काढा, पण भिकूक गाडयेर परत बसवा."

शेटजींनी त्याला दिवे लागेपर्यंत उभे ठेवले. मग भिकूला बोलावणे धाडले.

सखारामची बायको मागेच वारली आहे; मुंबईत त्याचे कोणी नाही. सुटीच्या दिवशी तो खोलीत एकटाच भाकरी भाजून खाई. हल्ली त्या दिवशी त्याची चूल पेटत नाही. विचारले, तर म्हणतो, "तबेल्यात जातंय. तपासणी आसा."

ती तपासणी मी एकदाच, दारातून पाहिली. सखाराम एकेका घोड्याचा पाय मांडीवर घेऊन खूर साफ करीत होता, आणि खडा निघालेल्या त्या घोड्यापुढे येताच हळूच काहीतरी बोलत होता. शेवटी तबेल्यामागच्या आपल्या खोलीतून भिकूची बायको म्हणाली, "भावोजी, पुरे आता. हात धुवा, कालवण निवतंय."

एकदाच पाहिलेल्या गोष्टीवरून मत बांधू नये, असे मी मुलांना शिकवतो. तेव्हा गिरगावातल्या वाचकांनी त्याच्या सुटीच्या दिवशी तबेल्यावरून जावे, आणि हे असेच घडते की नाही, ते कृपा करून स्वतः पाहावे.