मागच्या सीटवर मामा

सम्यकने गाडीचं मागचं सस्पेन्शन बदलायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर रेसचा ट्रॅक होता. सासरे नव्हते. सगळा घोटाळा इथूनच सुरू झाला.

सम्यक विमा कंपनीत होता. दिवसभर लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघायचा आणि स्वतःची जुनी हॅचबॅक फडक्याने पुसायचा. शहराबाहेरच्या एका ट्रॅकवर येत्या रविवारी हौशी लोकांना आपापल्या गाड्या पळवायला मिळणार होत्या. त्याने नाव दिलं होतं. (वळणावर आपल्या गाडीचा मागचा भाग झुलतो, हा शोध त्याला ऑफिसच्या पार्किंगमध्ये लागला होता.)

चिंचपोकळीला त्याच्या मित्राचं, स्वप्नीलचं गॅरेज होतं. स्वप्नीलने काउंटरवर शॉकअपचे तीन प्रकार मांडले.

"हे कंपनीसारखे. फॅमिलीवाल्यांना. हे शेवटचे प्युअर रेसचे. रस्त्यात नाणं पडलं असेल तर छापा आहे की काटा, तेपण बसल्या जागी कळतं."

"आणि हे मधले?"

"रस्ता पण, ट्रॅक पण. स्प्रिंग जरा कडक, आणि शॉकअपला तळाशी ही घुंडी. डावीकडे फिरवली की मऊ, उजवीकडे कडक. मागे कोण बसतं तुझ्या?"

"कोणी नाही रे. माझी बॅग."

"मग टाक बिनधास्त. ट्रॅकसाठी कडक करूनच देतो."

घरी बायकोने, मनालीने, विचारलं, "गाडीचं काय केलंस एवढं?"

खरं सांगितलं असतं तर अर्धा तास भांडण झालं असतं आणि संपलं असतं. पण सम्यक म्हणाला, "मागे कम्फर्ट किट टाकलं. आता मागच्या सीटवर बसलं की सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं."

त्याच आठवड्यात मनालीच्या वडिलांचं, राजाराममामांचं, शीवच्या एका नर्सिंग होममध्ये मूळव्याधीचं ऑपरेशन झालं. लालबागला घरी न्यायला मोठी टॅक्सी सांगूया, असं मनालीचा भाऊ म्हणाला.

"टॅक्सी कशाला?" मनाली म्हणाली. "सम्यकच्या गाडीत सोफा आहे."

मामा महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. जावयाबद्दलचं मत त्यांनी लग्नापासून राखून ठेवलं होतं. आज ते मत तयार होणार, हे सम्यकला कळत होतं. मामा खाली यायच्या आत तो पार्किंगमध्ये गाडीमागे उताणा झोपला, चाकामागे हात घातला आणि चाचपडत दोन्ही घुंड्या डावीकडे पिळल्या. (उताण्या माणसाचं डावं कुठलं, हा प्रश्न त्याला तेव्हा पडला नाही.)

मामा दोन माणसांच्या आधाराने, एक एक पाय पुढे टाकत आले. सासूबाईंनी, कौसल्यामामींनी, सीटवर उशी ठेवली. मामा त्या उशीवर असे टेकले, जसं कोणी गरम तव्यावर टेकावं.

"चला," मामा म्हणाले.

नर्सिंग होमच्या गेटपाशी एक छोटासा गतिरोधक होता. गाडी त्यावर चढली आणि उतरली. डिकीतून बंदुकीसारखा आवाज आला. मागच्या सीटवरून "हं" एवढंच ऐकू आलं.

"अहो सम्यक, हळू!" मामी ओरडल्या.

"हळूच आहे, मामी."

हळूच होती. शेजारून एक आजोबा चालत पुढे गेले. पण किंग्ज सर्कलपर्यंत पेव्हर ब्लॉकचे पट्टे होते, आणि प्रत्येक पट्ट्याला मागून एक "हं" येत होता. सम्यकने आरशात पाहिलं. मामांनी डोळे मिटले होते. दोन्ही हातांनी वरचं हँडल धरून ते सीटपासून चार बोटं वर लटकले होते.

"हा सोफा आहे?" मनालीने दबक्या आवाजात विचारलं.

"नवीन आहे. बसायला वेळ लागतो."

"कोणाला?"

आपण घुंड्या उलट्या पिळल्या, हे सम्यकला एकदम लख्ख कळलं. दादर टीटीच्या पुढे त्याने गाडी कडेला घेतली.

"पंक्चर बघतो," असं म्हणून तो ऑफिसच्या पांढऱ्या शर्टासकट रस्त्यावर आडवा झाला. डावीकडच्या चाकामागे हात घातला, या वेळी नीट डोकं लावून घुंडी उलटी फिरवली आणि सरपटत उजवीकडे निघाला. तेवढ्यात शिट्टी वाजली.

"ओ साहेब! गाडीखाली काय झोपताय? उचलू काय गाडी?" हवालदार टोइंगच्या ट्रककडे हात करत म्हणाला.

"आत पेशंट आहे!"

"मग पेशंटला न्या ना! झोपताय काय?"

सम्यकने उठून गाडी सुरू केली. आता गाडीची डावी बाजू मऊ आणि उजवी बाजू दगड, अशी स्थिती होती. हिंदमाताच्या खड्ड्यातून गाडी होडीसारखी कलंडत बाहेर आली.

"आता बरं वाटतंय हो," डावीकडे बसलेल्या मामी खूश होऊन म्हणाल्या. "छान झुलतेय."

उजवीकडून "हं" आला. या वेळचा लांब होता.

"मामा," सम्यक चाचरत म्हणाला, "तुम्ही आणि मामी जागा बदलता का?"

"का?" मनालीने विचारलं.

मग सम्यकला सांगावं लागलं. ट्रॅक, घुंडी, डावं, उजवं, सगळं. तो बोलत असताना परळ आलं आणि गेलं. मनाली खिडकीबाहेर बघत राहिली. ती ओरडली असती तर सम्यकला बरं वाटलं असतं.

भारतमाताच्या सिग्नलला मामांनी डोळे उघडले.

"सम्यक, गाडी थांबवा."

"मामा, आता थोडंच..."

"मी चालतो."

आणि मामा उतरले. पाय फाकवून, पाठ ताठ ठेवून ते लालबागच्या फुटपाथवरून निघाले. एका बाजूला मनाली, दुसऱ्या बाजूला उशी छातीशी धरून मामी. मागे रस्त्यावरून चारही दिवे लुकलुकवत, माणसाच्या चालीने, सम्यकची रेसची गाडी. त्यामागे हॉर्न वाजवणारं निम्मं लालबाग. पुढच्या चौकात एका बाईने कोणा नेत्याची पदयात्रा समजून मामांना लांबूनच हात जोडले. मामांनीही गंभीरपणे हात जोडले आणि चालत राहिले. घराच्या जिन्याशी पोचले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. सम्यकच्या चेहऱ्यावरचा गेला होता.

संध्याकाळी शेजारीपाजारी भेटायला आले. सम्यक मुकाट्याने चहाचे कप फिरवत होता. (मनाली अजून त्याच्याशी बोलत नव्हती. 'साखर' हा एक शब्द बोलली होती.) समोरच्या खोलीतले शामराव पुढे सरकून बसले. त्यांचंही हेच ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं आणि ते धास्तावले होते.

"जय भीम, सर. खरं सांगा, फार दुखतं का हो?"

मामा कुशीवर पडले होते. त्यांनी शांतपणे जावयाकडे पाहिलं. सम्यकने घाईने ट्रे शामरावांपुढे धरला.

"ऑपरेशनचं काही नाही, शामराव," मामा म्हणाले. "ऑपरेशनला भूल देतात. जावई घरी आणतो, तेव्हा देत नाहीत."

शामरावांनी सम्यकच्या ट्रेमधला कप उचलला, एक घोट घेतला आणि अगदी आदराने विचारलं, "जावईबापू, पुढच्या आठवड्यात तुम्ही मुंबईत नाही ना?"