राजेश्री दौलतरावांची इंग्रजी सवालांवरील मोहीम

श्रीगजानन प्रसन्न. शके एकोणीसशे पाच, रुधिरोद्गारी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, डिलाईल रोड मुक्कामी जी मोहीम जाहली, तिचा मजकूर जैसा पाहिला तैसा लिहिला. पदरचे काही घातले नाही. संपात पदरी काही उरलेही नव्हते.

संपास दोन वर्षे होत आली आणि गिरणी उघडेना, आणि साचेखात्याचे नामजाद विणकर राजेश्री दौलतराव खोलीत बसोन राहिले. मग खबर आली की, परळात एका कचेरीस दरवान पाहिजे, जागा एकच, आणि येणाऱ्याजाणाऱ्यास इंग्रजीत सवाल करणे जरूर. कबिला काशीबाईसाहेब यांनी फर्मान काढिले की, "ह्या खेपेक नाय जमला तर चला गावाक." परंतु पोरांची शाळा येथे आणि गावी पोटास काही नाही.

मग शेजारच्या टायपिंगवाल्या सुनेत्राबाई यांस गुरुपद दिधले. बाईंनी इन, ऑन, ऍट हे तीन पुंड सरदार समोर उभे केले. वही खणात ती इन, टेबलावर ती ऑन, साहेब गेटाशी तो ऍट. दौलतराव ऑनचे जागी इन तैनात करीत, आणि 'व्हेअर आर यू गोइंग' पुसावयाचे तेथे 'व्हेअर आर यू कमिंग' पुसत. आठ दिवस झुंज चालोन तिन्ही सरदार शरण आले. परंतु एक खोड जाईना. साचेखात्यात खडखडाट ऐसा की, शेजाऱ्याने दिधलेली शिवी शेजाऱ्यास ऐकू न ये; तेथे वीस वर्षे सारा कारभार हातांच्या खुणांनी आणि ओठ पाहोन चालिला. इंग्रजी सवालही दौलतराव बाईंचे ओठ पाहोनच शिकले, आणि चाळीचा पंप सुरू होताच त्यांची जीभ बसे व हात बोलू लागत. मग बाई हुकूम करीत, "काका, हात खाली. तोंडानं बोला."

मुलाखतीस सात उमेदवार जमा जाहले. गिरण्या बंद असता उमेदवारांस काय तोटा! त्यांत दौलतरावांचे जोडीच्या साच्यावरील जिवलग रघु हेही होते. साहेब आसनस्थ जाहले तोच वीज गेली, आणि खिडकीखाली जनरेटर गर्जो लागला. इंग्रजी शिकलेली पोरे कानास हात लावोन माघारी फिरली. रघूंस साहेबांचे ओठ दिसले, परंतु ती भाषा त्यांस कोणी शिकविली नव्हती. मग दौलतराव पुढे जाहले आणि ओठांवरोन सवाल ओळखिला की, रजिस्टर कोठे आहे. हात वर जाऊ लागले, ते त्यांनी पाठीमागे आवळोन धरिले, आणि 'ऑन द टेबल, सर' ऐसी आरोळी दिधली की जनरेटरखेरीज सर्वांनी ऐकिली. साहेबांनी खूष होवोन जागा बहाल केली.

सोमवारी दौलतराव गेटाशी उभे राहिले. हुकूम ऐसा की, येईल त्यास इंग्रजीतच पुसावे, आणि खासे साहेब पाहात होते. प्रथम आले ते रघु, डोईवर ट्रंक, मागे बायकापोरे. दौलतरावांनी पुसिले, 'व्हेअर आर यू गोइंग?' सवाल बिनचूक पडला. रघूंनी बोटांनी भात लावल्याची खूण केली. साचेखात्यात रजेवर गावी जाणारा ही खूण करी, आणि मागोमाग बोट फिरवोन परतीची करी. ती दुसरी खूण रघूंनी केली नाही.

दौलतराव त्या बोटाची वाट पाहात उभे राहिले, रघु वळणाआड गेले तरी उभेच होते. साहेबांनी तारीफ केली की, उच्चार उत्तम. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली.