पुण्याचं विमान, पट्टी बंद

मेघनाच्या घरात अपघात होत नसत. अपघातांची तेवढी हिंमतच नव्हती! टेबलाच्या चारही कोपऱ्यांना स्पंजच्या टोप्या, औषधांच्या कपाटाला कुलूप, बाथरूमच्या बादल्या कायम पालथ्या, आणि बाल्कनीला अशी जाळी की कबुतरंसुद्धा बाहेरूनच चौकशी करून परत जायची. पावणेदोन वर्षांच्या राजसला पडायचं असतं, तर त्याला आधी अर्ज करावा लागला असता. "अपघात म्हणजे काय, तर वेळेवर न केलेला विचार," असं ती मैत्रिणींना सांगायची. आणि विचार करण्यात ती कधी कमी पडली नव्हती.

टोपी घालता आली नव्हती ती एकाच गोष्टीला. नवऱ्याच्या छंदाला.

प्रसन्न पंजाबी मुलखात, नॉलेज सिटीतल्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होता. राहायला ते विमानतळाजवळच्या एयरोसिटीत, चौथ्या मजल्यावर. आणि त्या चौथ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला, त्याचं रेडिओ स्टेशन होतं. स्टेशन म्हणजे साबणाच्या वडीएवढी डबी, एक माइक आणि बाल्कनीत सोडलेली हातभर वायर. आवाज सोसायटीच्या गेटपर्यंत पोचायचा, तिथे दम तोडायचा. रविवारी सकाळी तो त्यावर नाट्यगीतं लावायचा. श्रोता एकच, गेटवरचे बलकारसिंह अंकल. प्रसन्नने त्यांना एक जुना रेडिओ दिला होता आणि काटा हलू नये म्हणून वर चिकटपट्टी मारली होती. नाट्यगीतातलं अक्षरही कळत नसताना अंकल दर रविवारी अंगठा वर करून सांगायचे, "साफ आ रहा है जी!"

त्या जानेवारीत धुकं पडलं. इथं धुकं दरवर्षीच पडतं, पण हे वेगळं होतं. दहा दिवस झाले तरी उठायचं नाव नाही! शेजारच्या ग्रेवाल आंटी तीस वर्षं इथल्या, त्यांनीही कानांना हात लावला. दुपारी बारालाही समोरची इमारत दिसायची नाही. धुतलेले कपडे वाळायचे नाहीत, नुसते गार व्हायचे.

आणि नेमक्या अकराव्या दिवशी मेघनाची आई पुण्याहून विमानाने यायची होती.

त्या दिवशी सकाळी प्रसन्न टेबलाशी जवळजवळ नाचतच होता. "मेघना, ऐक! आपल्या जागेवर सीमेपलीकडचं स्टेशन लागतंय! जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार थर. मधे लहरी अडकतात आणि लांब लांब घसरत जातात. इतक्या लांबचं स्टेशन आपल्या बाल्कनीत!"

मेघनाने राजसचं नाक पुसता पुसता विचार केला. तो तिने नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत केला.

"म्हणजे त्यांचं लांबचं इकडे येतं."

"हो!"

"मग आपलं इकडचं लांब जाणार."

"आपलं? अगं, आपल्यात दम किती..."

"प्रसन्न, विमानतळ इथून चार किलोमीटर आहे. धुक्यात वैमानिकाला काही दिसत नाही, तो फक्त ऐकतो. त्याच्या कानात तू नाट्यगीत घालणार? आणि त्या विमानात माझी आई बसलेली असणार!"

"विमानांची जागा एकशे आठ मेगाहर्ट्झच्या वर, आपण अठ्ठ्याऐंशीवर. म्हणून तर तुझ्या आईंनी एकशे आठ शुभ असतं म्हणून सुचवलं तेव्हा मी नको म्हटलं होतं. आणि आपली ताकद म्हणजे हत्तीला डास चावण्याइतकीसुद्धा नाही."

"डासाने डेंग्यू होतो," मेघना म्हणाली.

प्रसन्नने बटण दाबलं. "हे घे, बंद केलं. तुझ्या समाधानासाठी. खूश?" आणि मफलर गुंडाळून तो कामावर गेला.

आता, नवऱ्याने बंद केलं म्हणून मानणाऱ्यांतली मेघना नव्हती. तिने जाऊन पाहिलं. डबीवर हिरवा दिवा! म्हणजे चालूच! तिने बटण दाबलं. हिरवा गेला, लाल लागला. टीव्हीचा असतो तसा, बंद असल्याचा, शहाणा, शांत लाल दिवा. तरी मन मानेना म्हणून तिने बाल्कनीतली वायरही आत ओढून घेतली आणि राजसच्या हाती लागू नये म्हणून कपडे वाळवायच्या स्टीलच्या स्टँडला नीट गुंडाळून टाकली.

मग ती निर्धास्त झाली. वर्षातून एखाद्या वेळी होते, तशी.

विमान साडेअकराला उतरायचं होतं. बाराला राजसला खाऊ घालायची वेळ झाली तरी आईचा फोन बंदच होता. धुकं आहे, उशीर होणारच, असं स्वतःला समजावत तिने वाटी घेतली आणि राजसच्या खुर्चीसमोर बसली. खुर्ची टेबलाच्या त्याच टोकाला होती. माइकही तिथेच, केळ्यांच्या टोपलीत कलंडलेला.

राजसने तोंड मिटून घेतलं.

"हे बघ, पुण्याचं विमान आलं! आत कोण आहे? आजी! आ कर राजा, आ... धावपट्टी बंद? अरे, पट्टी का बंद केलीस? विमान फिरतंय बघ... फिरतंय... आजीला चक्कर आली! उघड की रे पट्टी! इंधन संपत आलं... इंधन खल्लास!"

राजसने हाताचा फटका मारला. चमचा फरशीवर खणकन पडला.

"गेलं! पडलं विमान!" मेघना कळवळून म्हणाली. "सगळं सांडलं रे!" मग तिने नवा चमचा घेतला आणि आवाज खाली आणला. "आजी आली की तिला सांगायचं नाही हं, आपण पाकिटातली खिचडी खातो. तिने पाठवलेला नाचणीच्या सत्त्वाचा डबा फ्रिजवर तसाच आहे. झाकणसुद्धा उघडलं नाही आपण. हे आपलं गुपित."

"होर," राजस म्हणाला. 'आणखी'ला होर म्हणायचं, हे पंजाबी तो सांभाळणाऱ्या बाईकडून शिकला होता. पाकिटातली खिचडी त्याला आवडायची.

पाच मिनिटांनी फोन वाजला. सोसायटीचा ग्रुप. ग्रेवाल आंटींनी लिहिलं होतं : "अर्जेंट! बलकार के रेडियो पर एयरपोर्ट वाली मैडम बोल रही है. पुणे का विमान घूम रहा है, पट्टी बंद, ईंधन खल्लास. फिर ज़ोर की आवाज़ आई. वाहेगुरु मेहर करे."

मेघनाने वाटी खाली ठेवली. पुण्याचं विमान! तिने आईला फोन लावला, बंद. विमान कंपनीला लावला. तिकडे बासरी वाजत होती, वाजतच राहिली. बाहेर खिडकीभर पांढरं होतं. त्या पांढऱ्यात कुठंतरी आई गोल गोल फिरत होती, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन. गेल्या महिन्यात फोनवर आई म्हणाली होती, "यायला जमेल का गं माझ्याच्यानं? गुडघे दुखतात." आणि आपण म्हणालो होतो, "दोन तासांचं तर विमान आहे, त्यात काय होतंय?" मेघना टेबलावर डोकं ठेवून रडू लागली.

ग्रुपवर नवा मेसेज आला : "मैडम रो रही है."

ज्या बाईला विमानतळावर सगळं माहीत आहे, तीच रडतेय! मेघनाला हुंदका आवरेना.

"अब ज़ोर से रो रही है. साथ में कोई बच्चा भी रो रहा है."

लहान मूलसुद्धा होतं विमानात! मेघनाने राजसला उचलून छातीशी धरलं आणि दोघांनी मोठ्याने गळा काढला.

"बहुत बुरा हाल है जी," ग्रुप म्हणाला. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी हात जोडलेली अकरा चित्रं पाठवली.

शेवटी प्रसन्नने फोन उचलला. तिने स्पीकरवर टाकला, कारण हात राजसमध्ये गुंतले होते. "प्रसन्न, आईचं विमान... रेडिओवर सांगतायत... तुझ्या त्या डबड्यानेच..."

"थांब. कुठल्या रेडिओवर?"

"बलकार अंकलच्या!"

"त्यावर तर चिकटपट्टी आहे. त्यावर आपल्याशिवाय..." तो थांबला. "डबी बंद आहे ना?"

"मी स्वतः केली! तू हिरवा तसाच ठेवून गेला होतास! मी लाल केला."

"मेघना, हिरवा म्हणजे नुसती वीज आहे. लाल म्हणजे प्रसारण सुरू."

"टीव्हीला तर..."

"तो टीव्ही आहे. वायर कुठंय?"

"कपड्यांच्या स्टँडला गुंडाळलीय."

"म्हणजे तू त्याला एरियल लावलंस," प्रसन्न म्हणाला. त्याच्या आवाजात नको त्या ठिकाणी थोडा आदर होता. "बरं, आता आपण जे बोलतोय..."

मेघनाने प्लग उपटला. बरोबर मिक्सरचा आणि फ्रिजचाही उपटला.

एअरपोर्टवाली मैडम आपणच. पडला तो चमचा, रडलं ते आपलंच बाळ. हे सगळं कळलं, पण एक गोष्ट अजूनही कळली नव्हती. आई कुठे आहे? तिचा फोन बंद तो बंदच. एक वाजला. दीड वाजला. मेघनाने ग्रुपवर "वो मैडम मैं हूँ" असं तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. घाबरायचं कारण संपलं होतं, पण भीतीला ते कुणी सांगितलं नव्हतं. ती खिडकीशी उभी राहिली. खाली गेटचा दिवा तेवढा पिवळट दिसत होता.

दोनला ग्रेवाल आंटी पुन्हा अवतरल्या : "बलकार ने सारी रिकॉर्डिंग मोबाइल में रखी है, सबूत के लिए. अभी टैक्सी से एक माताजी उतरी हैं, पुणे से. कहती हैं ये भाषा उनकी है. गेट पर अनुवाद चल रहा है."

पुण्याहून! आई! मेघना मटकन खाली बसली आणि हसायला लागली. आई उतरली, आई गेटवर आहे, आई अनुवाद करतेय...

मग तिचं हसणं थांबलं. सारी रिकॉर्डिंग?

मेघनाची आई, कांचनबाई, एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. अर्धवट काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

"माताजी कहती हैं विमान नहीं, चम्मच है," ग्रुपवर आलं.

"पायलट का नाम राजस है. दो साल का भी नहीं."

नंतर एवढंच : "माताजी चुप हो गई हैं. किसी डिब्बे की बात है. सामान लेकर ऊपर गईं."

बेल वाजली. दारात आई उभी होती, डोक्याला लोकरी टोपी, हातात लाडवांचा डबा. फोन तिने विमानात बसताना बंद केला होता आणि कुणी सांगितलं नाही म्हणून चालू केला नव्हता. मेघनाने तिला मिठी मारली ती सोडेचना.

"रडलीस बाकी खरं हो तू," कांचनबाई तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या. "तो सरदारजीसुद्धा डोळे पुसत होता." मग त्यांनी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि सरळ फ्रिजवरचा डबा खाली घेतला. झाकणावर धूळ होती. त्यांनी ती पदराने पुसली.

सत्त्व शिजलं. तूप पडलं, गूळ पडला. कांचनबाई नातवासमोर बसल्या. राजसने तोंड मिटलं. त्यांनी गाणं म्हटलं, टाळ्या वाजवल्या, डोळे वटारले. राजसने पहिला घास थुंकला, दुसरा टोपीवर थुंकला, तिसऱ्याला वाटीच उलटी केली.

कांचनबाईंनी टोपी काढली. एकदा दाराकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या डबीकडे.

"मेघना, तो लाल दिवा बंद आहे ना गं नक्की?"

"हो, आई. प्लगच काढलाय."

"वायर?"

"तीही काढली."

कांचनबाई पुढे वाकल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मग ते पाकीट आण."