मन्मथअप्पा आणि बावीस फोनांची हजेरी

मन्मथअप्पा भेटले की नमस्काराआधी तुमचा मोबाईल मागतात. तुम्ही गोंधळून दिलात की थेट सेटिंगमध्ये शिरतात. कंपनी कुठली, मॉडेल कुठलं, अँड्रॉइड कितवं, सगळं मोठ्यानं वाचतात. मग म्हणतात, "हां, आता बोला. बरं हाय ना समदं?"

नांदेडला आमची मोबाईल ॲप तपासणारी छोटी कंपनी आहे. रॅकवर बावीस फोन वायरींना जोडलेले. कॉम्प्युटरवरची स्क्रिप्ट आपोआप त्यांची बटणं दाबते आणि ॲप कुठं बंद पडलं ते लिहून ठेवते. या फोनांचे कारभारी अप्पा. पूर्वी निलंग्यात त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. आम्ही सगळे इंजिनिअर, अप्पा बारावी. पण घोळ झाला की आम्ही पळतो त्यांच्याकडंच.

मी नवी होते तेव्हा माझी टेस्ट तीन फोनांवर सारखी नापास व्हायची. दोन दिवस मी कोड उपसत बसले. अप्पांनी शेंगा सोलता सोलता विचारलं, त्या फोनांत ॲपचं व्हर्जन कुठलं आहे? मी फोनांवर चिकटवलेली चिठ्ठी दाखवली.

"चिठ्ठी आपुन लावलेली, माय. फोनला इचार."

मग त्यांनी माझ्याकडून स्क्रिप्टच्या सुरुवातीला चार ओळी घालून घेतल्या. टेस्टआधी प्रत्येक फोनकडून त्याचं नाव, मॉडेल, अँड्रॉइड आणि ॲपचं व्हर्जन काढायचं, रिपोर्टात छापायचं. तिन्ही फोनांत जुनंच ॲप निघालं. तेव्हापासून या हजेरीशिवाय आमच्याकडं एकही टेस्ट सुरू होत नाही.

माझ्या लग्नात तर विष्णुपुरीच्या मंगल कार्यालयात अप्पा आहेर घेऊन स्टेजवर आले आणि नवरदेवाचा मोबाईल मागून बसले. हे मॉडेल आपल्या रॅकवर नाही म्हणून टिपून घ्यायला लागले. मागं रांग तुंबली. नवऱ्याला वाटलं, आमच्याकडची रीत असेल. त्याच्या मामांनीही मुकाट्यानं आपला फोन पुढं केला. अल्बममधल्या फोटोत आम्ही दोघं हसतोय आणि मधोमध अप्पा चष्मा कपाळावर चढवून फोनचा बिल्ड नंबर वाचताहेत.

गेल्या वर्षी एका दवाखान्याचं, नंबर लावायचं ॲप आलं. घाई होती. साहेब म्हणाले, सगळ्यात जुनं अँड्रॉइड आता वापरतं कोण, तो फोन काढा. अप्पा भांडले, हरले. फोन कपाटात गेला.

दहा-बारा दिवसांनी डबा खाताना निलंग्याहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा फोन आला. हात भाकरीचे, म्हणून अप्पांनी स्पीकर लावला. गुडघा दाखवायला अक्का त्याच ॲपवरून नंबर लावत होत्या, ॲप उघडायचं आणि मिटायचं.

"माझंच बोट चुकत असंल रे," त्या म्हणाल्या. "मला ह्यातलं काय कळतंय."

अप्पांनी घास खाली ठेवला. त्यांना सेटिंगमध्ये नेलं, एकेक अक्षर, एकेक आकडा वाचून घेतला. पाव तास गेला. अक्का दर वेळी ओशाळून माफी मागत होत्या, अप्पा दर वेळी सावकाश पुन्हा सांगत होते. शेवटी अँड्रॉइडचा आकडा आला. आम्ही रॅकवरून काढलेल्या फोनचाच.

"अक्का, तुझं बोट बरोबर हाय," अप्पा म्हणाले. "आमचं चुकलंय."

मग हात धुऊन ते थेट साहेबांकडं गेले. भाकरी तशीच राहिली.

साहेबांनी ॲप दुरुस्तीला पाठवलं, फोनही मुकाट्यानं कपाटातून बाहेर आला. तरी अप्पांनी कुठून तरी अक्कांच्याच मॉडेलचा आणखी एक जुना फोन पैदा केला. आता रोज सकाळी हजेरी सुरू झाली की रिपोर्टात पहिली ओळ उमटते, 'फोनचं नाव: अक्का'. तो पास झाल्याशिवाय अप्पा बाकीच्या बावीसांना हातही लावू देत नाहीत.