तांबड्या मोटारीने कारभारी काढिला, त्याची हकीकत

श्रीगजवदन दृष्टी राखो, श्रीशारदा हात स्थिर ठेवो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, कार्तिक मास, ते समयी एके राज्यी तांबड्या मोटारीवर जो प्रसंग गुदरला, तो येथे लिहिला असे.

त्या राज्याच्या राणी हेमांगीबाई. त्यांजपाशी वीस वर्षांची जुनी मोटार होती, अंगाने चिमणी, परंतु घाटात भल्या भल्या गाड्यांस मागे टाकणारी; बाईसाहेब लग्नापूर्वी तीत बसोन शर्यती मारून आल्या होत्या, आणि बाळंतपण जाहल्यापासून त्यांचे तिजला हात लावणे झाले नव्हते; यजमान निशिकांतरावच ती हाकीत. त्या मोटारीच्या पदरी पॉवर स्टीअरिंगचा पंप नामे एक कारभारी असे. त्याचे काम इतुकेच, की धनिणीने चक्रास बोट लावावे आणि याने तेलाच्या जोरे चाके वळवावी. तो कारभारी म्हातारा होऊन तेल गाळू लागला, आणि वळण आले की ऐसा कण्हे, की मागे निजलेल्या राजकन्या मुक्ताबाई, वय आठ महिने, दचकून उठत आणि मग रावांनी गाणी म्हटली तरी राज्यात शांतता नांदेना. त्याचे जागी नवा पंप कोठे मिळेना. तेव्हा मातोश्री मालतीबाई, म्हणजे बाईसाहेबांच्या सासूबाई, यांनी मसलत केली, की मोटार विकावी, आणि रविवारी सकाळी गिऱ्हाईकही बोलाविले. हेमांगीबाई म्हणाल्या, कारभारीच काढून टाकू, पूर्वी लोक हातानेच वळवीत होते. त्यावर मातोश्री बोलिल्या,

"अगं, काल कुकरचं झाकण तुला उघडेना. आणि गाडी वळवणार?"

हे बोलणे जिव्हारी लागले, कारण ते खरे होते. मनगटांत पूर्वीचे बळ राहिले नव्हते, आणि हे कोणापाशी कबूल करणे बाईसाहेबांच्या जिवावर येत असे. मग करार ठरला, की रविवारी बाईसाहेबांनी मोटार स्वहस्ते फाटकाबाहेर वळवून न्यावी. निघाली तर घरी राहील, न निघाली तर गिऱ्हाईकाची.

शनिवारी यजमान निशिकांतराव मोटारीखाली शिरले, आणि पट्टा उतरविला, आणि पंप सोडविला, आणि तेलाच्या नळ्या काढून कारभाऱ्यास जुन्या फडक्यात गुंडाळून मानाने रुखसत दिली. आता त्या घराण्याची रीत ऐसी, की काही म्हणता काही उघडे ठेवू नये. तांब्यावर फुलपात्र, दुधावर जाळी, डब्याचे झाकण तर दोनदा दाबून पाहावे. निशिकांतराव त्याच शिस्तीत वाढलेले. चाके वळविणारे जे आडवे नळकांडे, ज्यास रॅक म्हणतात, त्याची दोन तोंडे नळ्या काढल्यावर उघडी राहिली. रावांनी दोहोंस घट्ट बुचे मारिली, पुसून लख्ख केली, मातोश्रींस दाखविली, आणि मातोश्रींनी शाबासकी दिली. मग हेमांगीबाई आत बसल्या, मोटार हळू चालती केली, चक्रास दोन्ही हात घातले, तो चक्र जागचे ढळेना. खांदे भरून आले, डोळेही भरून आले. रावांनी मायेने म्हटले, "राहू दे, दमली आहेस," आणि तेच अधिक झोंबले. बाईसाहेब उतरल्या आणि मुक्ताबाईंस घेऊन बसून राहिल्या.

रविवार उजाडला. मुक्ताबाई बाटलीने दूध घेत होत्या, आणि चोखून चोखून लाल जाहल्या, परंतु दूध येईना; बाटली रावांनी भरली होती, झाकण रीतीप्रमाणे आवळलेले. हेमांगीबाईंनी ते अर्धा फेरा सैल केले, तो हवा आत शिरली, बुडबुडे चढले, दूध आले, राजकन्येने डोळे मिटले. बाईसाहेब मात्र त्या बुडबुड्यांकडे पाहत राहिल्या, आणि मग हळूच, लेकीचे दूध न मोडता, हाक मारिली,

"निशिकांत, ती बुचं काढ. तेल आत कोंडलंय, त्याला इकडून तिकडे जायला वाटच नाही. दोन्ही तोंडं एका नळीने एकमेकांना जोड."

राव पाहुण्यासाठी घातलेल्या धुतल्या सदऱ्यानिशी मोटारीखाली गेले. बुचे निघाली, कोंडलेले तेल सांडले, आणि वीतभर रबरी नळीने दोन्ही तोंडांची भेट जाहली. इतक्यात गिऱ्हाईक आले. त्यास चहा देऊन ओट्यावर बसविले. राजकन्या मागे आपल्या पाळणाखुर्चीत बसल्या, आणि मातोश्रीही शेजारी चढल्या. म्हणाल्या, हात दुखले तर सांग हो, लाजू नकोस. हेमांगीबाईंनी चक्र दोन्ही हातांनी धरिले. मोटार पाऊलभर सरकली आणि चक्र फिरले. जड होते, परंतु जात्यासारखे जड, एकदा लय सापडली की चालणारे. फाटक मागे पडले. वेग आला तैसे ते हलके जाहले, रस्त्याचा खडान् खडा तळहातास कळू लागला, आणि किती महिन्यांनी ते हात बाईसाहेबांस आपले वाटले. वळणामागून वळण गेले, कोणी कण्हले नाही. गावास वळसा घालून फाटकापाशी आल्या, तो गिऱ्हाईक कप हाती घेऊन उभे. बाईसाहेब थांबविणार, तो मागून मातोश्री कुजबुजल्या,

"थांबवू नकोस गं. निजलीय ती. अजून एक फेरी मार, आणि जाता जाता त्यांना सांग, गाडी द्यायची नाही."

येणेप्रमाणे कारभारी गेला, मोटार राहिली, राणीचे हात राणीस परत मिळाले. मातोश्री दुसऱ्या फेरीत स्वतःही निजल्या. तोंड किंचित उघडे होते, परंतु ते झाकावयास कोणी गेले नाही.