एव्हारिस्तोने केस रंगवले

"आज लोक विचारतील, हा कोण नवा पोरगा आणलाय?" आरशासमोर मान वळवत एव्हारिस्तो ब्राकामोन्ते म्हणाला. वय वर्षं सत्तेचाळीस! मेक्सिकोच्या ग्वायमास बंदरातल्या पेलिकन बेसबॉल संघासाठी तो अजून पगार घेऊन चेंडू फेकत होता. त्याच्याबरोबर सुरुवात केलेले सगळे केव्हाच पोट सुटून घरी बसले होते.

पण संघाचा मॅनेजर नवा आला, तोही बत्तीस वर्षांचा. कालच त्याने सुनावलं होतं, "काका, उद्या जमलं तर ठीक. नाहीतर मंगळवारपासून घरी आराम करा."

म्हणून ही केस रंगवायची मोहीम!

"अरे, रंग नीट सुकू तरी दे," बायको नीकोलासा म्हणाली. "बाहेर ऊन बघ केवढं!"

"अगं, चेंडू मी हाताने फेकतो, डोक्याने नाही!"

"ते दिसतंच आहे," नीकोलासा म्हणाली.

पहिले पाच डाव स्वारी भन्नाट! फलंदाज नुसते बॅटने वारा घालत होते. सहाव्या डावात मात्र घामाच्या धारा लागल्या. एव्हारिस्तोने कपाळ पुसलं, चेंडू फेकला. फलंदाज चुकला आणि ओरडला, "पंच! चेंडू काळा पडलाय!"

पंच सालोमोन उर्कीदेस म्हणजे स्वतःच्या लग्नातही न हसलेला माणूस. त्याने चेंडू हुंगला. "ग्रीस?"

"छे हो!"

"डांबर?"

"डांबर कुठून आणू?"

"टोपी काढा."

चेंडूला काही फासलं तर मैदानाबाहेर, वर दहा सामन्यांची बंदी. या वयात म्हणजे जन्मठेपच! एव्हारिस्तोने टोपी काढली. काळे ओघळ कानांवरून, मानेवरून थेट सदऱ्यात शिरले. जणू कुणी डोक्यावर शाईची दौत पालथी केली होती.

"डोक्यातच लपवलंय!" फलंदाज नाचायला लागला.

मॅनेजर धावत आला. "काका, तुम्ही? आणि लबाडी?"

खरं सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर नोकरी. एव्हारिस्तो पुटपुटला, "ते... माझं वय आहे."

"काय आहे?" पंच खेकसला.

तेवढ्यात प्रेक्षकांतून नीकोलासाचा आवाज गरजला, "केसांचा रंग आहे तो! सुकू दे म्हटलं होतं, ऐकतोय कुठे!"

अख्खं मैदान हसून लोळलं. पंच मात्र हसला नाही. त्याने बर्फाच्या पाण्याची बादली मागवली, साबण मागवला आणि मैदानाच्या मधोमध एव्हारिस्तोचं डोकं धुवून काढलं. काळा रंग गेला. खालून पांढरे केस निघावेत ना? निघाले वांग्यासारखे जांभळे!

पंचाने पांढरा रुमाल त्या केसांवर खसाखसा घासून पाहिला. "पक्का आहे," तो म्हणाला. "खेळा!"

एव्हारिस्तो असा चिडला होता की त्याचे चेंडू फलंदाजांना दिसेनासे झाले. ओरडणाऱ्या त्या फलंदाजालाच त्याने सगळ्यात आधी बाद केलं. बिचारा हसून इतका दमला होता की त्याला बॅट उचलवेना! पेलिकन जिंकले.

"मंगळवारी या, काका," मॅनेजर डोळे पुसत म्हणाला. "पण डोकं असंच ठेवा. लोक खास बघायला येतील!"

एव्हारिस्तो तरंगतच नीकोलासाबरोबर बसमध्ये चढला. सुक्या कोळंबीची टोपली घेतलेल्या सत्तरीच्या एका बाईने त्याच्याकडे पाहिलं आणि ती लगबगीने उठली.

"बसा, आजोबा."

मी खेळाडू आहे, असं ठणकावून सांगायला त्याने तोंड उघडलं. पण गुडघे असे काही ठणकत होते, की तो मुकाट्याने बसला आणि म्हातारीची टोपली त्याने मांडीवर घेतली.